‘टाकाऊतून टिकाऊ’मधलं टिकाऊ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



जुनं लाकूड, टायर, चिंध्या यांपासून मी पुण्यात खुर्च्या-स्टुलं बनवतो, म्हणून संयोजकांनी मला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय दिला. कार्यानुभवाच्या तासाला हे आपण सगळ्यांनीच केलंय. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, फुटक्या बांगड्यांचं तोरण, लग्नपत्रिकांचा पेनस्टँड. तपासणी झाली की वस्तू कपाटावर, आणि दिवाळीच्या सफाईत उकिरड्यावर. माझा सगळा धंदा त्यातल्या ‘टिकाऊ’ या दुसऱ्या शब्दावर चालतो.

खरं तर आपल्या घरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. खताची रिकामी पोती उसवून, एकमेकांना शिवून सोयाबीनच्या सुडीवर टाकायचं पांघरूण घरोघरी होत असे. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला झाकण आणि कडी लावली की डाळीचा डबा तयार. आणि वाकळ! आपल्या तोंडात ‘वाकय’. आजीनं ती शिवताना काय केलं ते आठवा. मऊ झालेलं लुगडं अंगाला लागेल असं वर, विरलेलं आत, आणि जिथं ओढाताण होते त्या कडेला घट्ट कापडाची पट्टी. विटक्या कापडाची वाकळ पन्नास जणी शिवतील, पण कुठलं कापड कुठं लावायचं हा निर्णय म्हणजेच डिझाइन. आम्ही त्याचे पैसे घेतो, आजीनं घेतले नाहीत, एवढाच फरक.

टाकाऊ मालाची अडचण अशी की तो एकसारखा येत नाही. एक फळी इंचाची, दुसरी पाऊण इंचाची. एक टायर झिजलेला, एक फाटलेला. पण बसणाऱ्याचे गुडघे तुमच्या मालाप्रमाणे बदलत नाहीत. मोठ्या माणसाला बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर लागते. मोटारीचा टायर आडवा ठेवला तर जेमतेम वीतभर उंच होतो. म्हणजे एकावर एक दोन टायर, नाहीतर खाली पाय. मग मधलं भोक. त्यावर फळी ठोकली की स्टूल जड होतं आणि बसायला कठीण. तिथं बाजेची वीण कामाला येते. बाज सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून ताणता येते. टायरच्या स्टुलालाही अशी सोय ठेवावी लागते, नाहीतर वर्षभरात त्याची झोळी होते. मुंबईच्या अनु टंडन व्हिएरा यांनी टायर आणि कापडाच्या चिंध्यांपासून अशी आसनं केली. त्यांच्या उपक्रमाचं नाव ‘रीटायरमेंट प्लॅन’. नावातच टायर आहे. ती आसनं लोक घरात दर्शनी भागात ठेवतात, कारण ती आधी आसनं म्हणून चांगली आहेत.

पुण्यात अमिता देशपांडे यांची ‘रीचरखा’ आहे. प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची चकचकीत वेष्टनं गोळा करायची, धुवायची, वाळवायची, पट्ट्या कापायच्या, चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणायच्या. त्या कापडाच्या पिशव्या आणि घरातल्या वस्तू होतात. यात प्लास्टिक वितळवत नाहीत, म्हणून धूर नाही. पण हातानं करायचं काम किती, ते मोजा. माल फुकट, हात फुकट नाहीत. गिऱ्हाईक मात्र हमखास म्हणतं, “कचऱ्याचंच तर आहे, एवढे पैसे कशाचे?” या प्रश्नावर अनेक चांगले उद्योग बुडाले आहेत.

आता आपल्या वावरातलं बोलू. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उरते. थोडी चुलीत जाते, बाकीची धुऱ्यावर रचतो किंवा पेटवतो. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिनं पऱ्हाटी बारीक करून, चिकट रसायन मिसळून, उष्णतेनं दाबून फळ्या करण्याचं तंत्र बसवलं. नागपूरच्या तिच्या केंद्रात तसा प्रायोगिक कारखानाही उभा राहिला. टेबल, कपाट, दार यांना ही फळी चालते. कडा मात्र नीट बंद कराव्या लागतात, नाहीतर पाणी लागून ती फुगते. मग आपल्याकडं अशा फळ्यांचे कारखाने का दिसत नाहीत? पऱ्हाटी हलकी आणि पसरट. ट्रक भरलेला दिसतो, वजन भरत नाही, भाडं मात्र पूर्ण. म्हणून कुट्टी गावातच करावी लागेल आणि कारखाना जवळ लागेल. पुण्यामुंबईत बसून हे होणार नाही. शिवाय पऱ्हाटीतल्या न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. २०१७ साली विदर्भानं काय भोगलं ते इथल्या शेतकऱ्यांना मी सांगायला नको. फरदड न घेता वेळेवर पऱ्हाटी उपटून कुणी विकत नेली, तर कपाटाआधी पुढच्या वर्षीचं पीक वाचेल.

सगळ्याच टाकाऊचं काही करायचं नसतं, हेही इथं सांगितलं पाहिजे. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी, दूध, धान्य ठेवू नका, मुलांच्या खेळात देऊ नका. कितीही सुंदर रंगवलेली कुंडी असो, तो डबा घरात नको. जुने सिमेंटचे पत्रे करवतीनं कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात बसते. आणि प्लास्टिक चुलीत घालू नका, पावसाळ्यात सरपण ओलं असलं तरी.

शेवटी आपल्या शाळेचा विषय. मेळाव्याच्या निधीतून लोखंडी पायांची, प्लायची नवी बाकं घ्यावीत असं ठरत आहे. मी काल मागच्या खोलीत जाऊन आलो. मोडकी ४१ बाकं आहेत. बहुतेकांचे पाय जमिनीलगत कुजलेत, तीनचारांना वाळवी लागली आहे. पण वरच्या फळ्या सागाच्या आहेत. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकत-पिळत नाही, आणि असं सागवान नव्यानं घ्यायला गेलात तर निधी पुरणार नाही. कुजलेला भाग कापला की पाय आखूड होतात, म्हणून मोठ्या वर्गांना ती बाकं चालणार नाहीत. पाचवी-सहावीला चालतील. उरलेल्या तुकड्यांतून वाचनालयाची मांडणी होईल.

हे स्वस्त पडेल असं मी म्हणणार नाही. खिळे काढणं, रंधा मारणं, सांधे बसवणं यात मजुरी बरीच जाईल, कदाचित नव्या बाकांएवढीच. पण ती मजुरी अनसिंगच्या सुतारांना मिळेल, आणि पुढं बाक हललं तर दुरुस्त करणारा माणूस इथंच राहत असेल. बाकांवर कोरलेली नावं रंध्यानं घालवायची की ठेवायची, ते मुख्याध्यापकांनी ठरवावं. काही नावं या मंडपातच बसली आहेत, त्यांनी आधी सरांना भेटावं!

माझी सूचना एवढीच, की निधी आज सगळा खर्च करू नका. आधी दोन बाकं करून बघू. मापं मी काढून दिली आहेत, दोघा सुतारांशी बोलणं झालं आहे. ती पाचवीच्या वर्गात ठेवू. दिवाळीच्या सुटीपर्यंत मुलं त्यावर बसतील, उड्या मारतील, दप्तरं आपटतील. सुटीत येऊन मी सांधे तपासतो. ती हलली तर उरलेल्या पैशांतून खुशाल लोखंडी बाकं घ्या.