कपाटात आहे, यादीत नाही



हुसेनसागर एक्स्प्रेसने आलेली ग्रंथपाल मंडळी थेट हैदराबादच्या नामपल्लीलाच उतरली. मराठवाड्याकडच्यांना मात्र सिकंदराबाद नाहीतर काचीगुड्याहून शहराची गर्दी तुडवत यावं लागलं. त्याची भरपाई दुपारच्या जेवणात होईल, असं संयोजकांनी मला सांगितलं आहे.

मराठी ग्रंथपालांनी हैदराबादेत जमावं यात नवल काही नाही. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी हीच होती. विवेकवर्धिनी इथे १९०७ पासून मराठी मुलांना शिकवते आहे. अफजलगंजचं आसफिया ग्रंथालय त्याहून जुनं, १८९१ सालचं. आणि १९३१चं मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांचं काम तेव्हा नुकतंच हातावेगळं झालं होतं. आज तो ज्ञानकोश मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने युनिकोडमध्ये आणून संकेतस्थळावर मोकळा ठेवला आहे. सातवीतल्या मुलाच्या हातातल्या फोनवर तो उघडतो. पण तो तिथे आहे हे त्या मुलाला सांगणार कोण? वर्गशिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो. म्हणजे ते काम आपलंच.

आता आपली अवस्था बघा. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांचं वाटप ग्रंथपालाकडे, यूडायसची माहिती भरायची तर ग्रंथपाल, कुणी रजेवर गेलं की बदली तास ग्रंथपालाला. ग्रंथालयाची तासिका वेळापत्रकात असते आणि बहुधा तिथेच राहते. अशा माणसाला ‘नवी वेबसाधनं’ शिकवायला बोलावतात, तेव्हा काय होतं ते तुम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. दहाला नोंदणी, अकराला दीपप्रज्वलन, मग साधनव्यक्ती पडद्यावर एकामागून एक स्लाइड सरकवतात आणि पाचला प्रमाणपत्र. दिवसभरात एकाचंही बोट कळफलकाला लागत नाही. असल्या प्रमाणपत्रांची माझ्याकडे जाडजूड फाइल आहे.

२००६ साली अमेरिकेतल्या शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स या बाईंनी वेगळं काही केलं. कर्मचाऱ्यांना त्यांनी तेवीस लहान लहान गोष्टी करायला दिल्या. छायाचित्र चढवा, विकीचं पान बदलून बघा, लायब्ररीथिंगवर आपली पुस्तकं नोंदवा, असल्या. वर्ग नाही, परीक्षा नाही. सवडीने करा, अडलात तर शेजाऱ्याला विचारा. सगळं पुरं करणाऱ्याला एक एमपी-थ्री प्लेअर. ही कल्पना जगभरच्या ग्रंथालयांनी उचलली, आणि उचलावी अशीच होती. पण तेव्हा पुष्कळ जण वापरत होते तो गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाला, आणि त्याच्या आगेमागे इतरही बरीच साधनं गेली. मला त्या उपक्रमात एकच खोट दिसते. तिथे आधी साधन होतं आणि मग त्याला काम शोधायचं होतं. आपल्याला हे परवडणार नाही. आपण आपल्याच कपाटातली एक खरी अडचण धरावी आणि तिच्या मागे लागावं. लागेल ते साधन वाटेत शिकून होतं.

अशी एक अडचण सांगतो. आठवीतली मुलगी ग्रंथालयाच्या संगणकावर ‘कऱ्हेचे पाणी’ शोधते. उत्तर येतं, ‘नोंद सापडली नाही.’ तिच्या पाठीमागे कपाटात अत्र्यांचे खंड ओळीने उभे आहेत. मुलगी शहाणी असेल तर मागे वळून बघेल. बहुतेक मुलं वळत नाहीत, ती निघून जातात. झालेलं असतं इतकंच की ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याचा पाय मोडायचा आणि ह जोडायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, पायमोड, मग डोळ्यांना न दिसणारं एक सांधाचिन्ह आणि त्यानंतर ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. नोंद करणाऱ्या बाईंचा कळफलक एका पद्धतीचा, मुलीच्या फोनची सवय दुसरी, आणि दोघींच्या मध्ये अत्रे हरवले. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’, ‘सह्याद्रीच्या दऱ्या’, सगळीकडे हाच घोटाळा.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कोहा ही संगणकप्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेन्युआच्या ग्रंथालयाने करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि तेव्हापासून सगळ्यांना मोकळी आहे. आपल्याकडे एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे. कोहात मार्क पद्धतीने नोंद करताना २४६ क्रमांकाचा रकाना असतो, ग्रंथनामाच्या इतर रूपांसाठी. पुष्कळांच्या नोंदीत तो रिकामा दिसतो. तिथे दुसऱ्या तऱ्हेचं ‘कऱ्हेचे पाणी’ भरा, जुन्या पुस्तकाच्या नावातलं ‘नांव’ असेल तर आजचं ‘नाव’ही भरा. पु. ल. देशपांडे एकाच यादीत टिंब देऊन, टिंबाविना, मधे जागा सोडून आणि न सोडता असे चार ठिकाणी बसलेले असतात. त्यांना एका नावाखाली आणा. शिरवाडकरांपासून कुसुमाग्रजांकडे वाट काढून द्या. यातलं नवं काय आहे? ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ अशी कार्डं आपले गुरुजी तालिकापेटीत लावतच होते. ज्यांना ती कार्डं लावता येत होती त्यांना हे तंत्रज्ञान अर्ध्याहून अधिक येतं. उरलेलं, कुठली कळ कुठे आहे ते, आठवीतली पोरं दाखवतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी जुनी दाखल नोंदवही फोनला तोंडी सांगून सांगून टंकवली. श्रीलिपी फॉन्टमध्ये केलेली आधीची यादी नव्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हांची भेळ दिसत होती, म्हणून त्या मुळाकडे गेल्या. फोनला ‘दाते’ म्हटलं की तो ‘जाते’ लिहायचा. मधल्या सुट्टीत मुली शेजारी बसून तेवढं दुरुस्त करायच्या.

आता याच शहराची गोष्ट. कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकांची छायाचित्रं घेण्याचा प्रकल्प निघाला, त्याची भारतीय बाजू म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. हैदराबादची आयआयआयटी ही त्याच्या मोठ्या केंद्रांपैकी एक होती. उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ढीगभर पुस्तकं त्यात आली, मराठीही आली. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडलं. प्रती उरल्या त्या इंटरनेट आर्काइव्हवर. तिथलं एखादं पुस्तक उघडून बघा. पहिल्याच पानावर ‘युनिव्हर्सल लायब्ररी’ आणि ‘ओयू’ने सुरू होणारा क्रमांक. मग उस्मानिया ग्रंथालयाची चिठ्ठी, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, आणि शेवटी नोंदलेल्या तारखेपर्यंत पुस्तक परत करावे अशी ताकीद. कधीकाळी कुणा ग्रंथपालाने हाताने भरलेली ती चिठ्ठी अचूक असते. पण संगणकावरची नोंद बघावी तर ग्रंथनाम रोमन लिपीत मोडून तोडून लिहिलेलं, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, सगळ्या खंडांना एकच नाव आणि कित्येकदा भाषा मराठीऐवजी हिंदी. छायाचित्र घेणाऱ्या मुलांवर मी रागावत नाही. पण चिठ्ठी वाचू शकणारा माणूस त्या टेबलाशी बसवायचं कुणाला सुचलं नाही, याचं वाईट वाटतं. पुस्तक जगाला खुलं झालं आणि कुणाला सापडेनासं झालं.

अशी पुस्तकं नीट नोंदवण्याचं काम आपल्याला जमण्यासारखं आहे. मुखपृष्ठ उघडून बघायचं, नाव देवनागरीत लिहायचं, शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढायचा आणि आपल्या शाळेच्या यादीत दुव्यासकट नोंदवायचं. पुढची पायरी मराठी विकिस्रोत. तिथे छापील पान एका बाजूला आणि यंत्राने वाचलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. यंत्र ‘ख’चा ‘रव’ करतं, ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’. एकाने तपासलं की पान पिवळं होतं. हिरवं व्हायला दुसऱ्याच माणसाची नजर लागते. नववीच्या मुलांना व्याकरणाचा याहून चांगला स्वाध्याय मला सुचत नाही.

एक खबरदारी घ्यायची. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ मोकळी. अत्रे गेले १९६९ साली. त्यांचं लेखन २०३० च्या आरंभी मोकळं होईल. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या पीडीएफ पालक व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रंथपालालाच कौतुकाने पाठवतात. त्या पुढे ढकलू नयेत, आणि का ढकलत नाही ते त्यांना सांगावं. हे बोलायला ग्रंथपालाइतका हक्काचा माणूस शाळेत दुसरा नाही.

चॅटबॉटबद्दल फार बोलत नाही. मराठी पुस्तकांची यादी मागितली तर तो कधी कधी कुणी न लिहिलेल्या कादंबऱ्याही प्रकाशकाच्या नावासकट देतो. तेवढ्यासाठी त्याला हाकलून लावायचं कारण नाही. मुलांना ती यादी द्या आणि यातली खरी कुठली, ते आपल्या तालिकेत आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शोधून काढायला सांगा. तासिका कधी संपते कळत नाही.

मुख्याध्यापक मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्याकडे एकच मागणं. आठवड्याचे दोन तास असे द्या की ग्रंथपालाला बदलीवर पाठवायचं नाही, आणि त्या दोन तासांत काय झालं याचा अहवालही मागायचा नाही.

जेवणानंतर शेजारच्या दालनात संगणक मांडले आहेत. प्रत्येकाने आपल्या दाखल नोंदवहीचं एक पान आणलं असेलच. त्यावरची पुस्तकं तिथे बसून नोंदवायची आहेत, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ दोन्ही तऱ्हांनी. भाषण मी करणार नाही, दुसरं कुणीही करणार नाही. वायफायचा पासवर्ड फळ्यावर लिहिला आहे. ज्यांच्याकडे नुसता फोन आहे त्यांनी पुढच्या रांगेत बसावं, त्यांच्यापासूनच सुरुवात करू.