बारावीची इंग्रजी : कसोटी की अडसर?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांतून टक्केवारीचा उत्सव सुरू होतो. त्या गदारोळात दोन प्रश्न कोणी विचारीत नाही. इंग्रजीत साठ-सत्तर गुण मिळविणाऱ्या मुलाला इंग्रजी खरोखर किती येते? आणि जो पस्तीसच्या रेषेअलीकडे अडकला, त्याला नेमके काय येत नव्हते? माझे आजचे विवेचन या दोन प्रश्नांपुरतेच आहे.

मी अनेक वर्षे ग्रामीण भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकविले. या विषयाचे ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस तोंडी परीक्षेचे. तोंडी परीक्षा बहुधा विद्यार्थ्यांचे स्वतःचे शिक्षकच घेतात. एका वर्षी ऊसतोडणी कामगाराचा मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. ‘माझे गाव’ या विषयावरील वीस ओळी त्याने एका दमात म्हणून दाखविल्या. ‘तुझ्या गावाला पाणी कोठून येते?’ असे मी इंग्रजीत विचारताच त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी त्याला सतरा गुण दिले. दयेपोटी दिले, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. आज मला वाटते, त्या सतरा गुणांनी मी आमच्या शिकविण्याची अब्रू झाकली. पुढे पदवीच्या वर्गात इंग्रजी पाठ्यपुस्तके त्याच्या हाती पडली आणि वर्षभरात तो कोयत्याकडे परतला. त्याला इंग्रजी येत नाही, ही गोष्ट बारावीपर्यंत कोणी त्याला सांगितली नव्हती. मीही सांगितली नव्हती.

लेखी परीक्षेची कथा फारशी वेगळी नाही. पाठ्यपुस्तकावरील प्रश्नांची उत्तरे बाजारात तयार मिळतात. लेखनविभागात चित्रपटाचे परीक्षण, ब्लॉग, मुलाखतीचे प्रश्न, उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठीचे निवेदन असे प्रकार असतात. कागदावर ते आधुनिक दिसतात; परंतु शिकवणीवर्गांनी त्यांचेही साचे पाडले आहेत. ज्याच्यापाशी शिकवणीची फी आहे त्याला साचा मिळतो, ज्याच्यापाशी नाही त्याला नशीब. अशा परीक्षेत भाषेपेक्षा पाठांतर अधिक मोजले जाते, आणि पाठांतराच्या आड बापाची मिळकत.

हे आजचे नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या काळापासून इंग्रजीची परीक्षा ही थोड्यांना आत घेण्याची आणि बहुतेकांना बाहेर ठेवण्याची व्यवस्था राहिली. रयतेच्या कष्टातून उभा राहिलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्टपणे मांडले होते.

आपल्या चळवळीने या अडसरावर घाव घातला. १९६७ साली बिहारमध्ये कर्पूरी ठाकूर शिक्षणमंत्री झाले आणि मॅट्रिक उत्तीर्ण होण्यासाठी असलेली इंग्रजीची सक्ती त्यांनी दूर केली. केवळ इंग्रजीपायी ज्यांचे शिक्षण तेथेच खुंटत असे, अशा गरिबांच्या मुलांना, विशेषतः मुलींना, त्यामुळे वाट मोकळी झाली. प्रतिष्ठितांनी या उत्तीर्णांची ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून टवाळी केली. तो निर्णय न्याय्य होता, असे माझे आजही मत आहे. परंतु प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, शाळेच्या दारातला अडसर निघाला तरी महाविद्यालयाच्या आणि नोकरीच्या दारातला तसाच राहिला. डॉ. लोहियांचा विरोध सार्वजनिक व्यवहारातील इंग्रजीच्या वर्चस्वाला होता. ती भाषा शिकण्याला नव्हता. वर्चस्व कायम ठेवून केवळ परीक्षा सैल केली, तर गरिबाच्या मुलाची फसगत चार वर्षे पुढे ढकलली जाते, एवढेच.

मग आपण काय मागावे? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, केवळ इंग्रजीत कमी पडला म्हणून कोणाही विद्यार्थ्याला संपूर्ण बारावीत नापास ठरवू नये. गणितात वा इतिहासात त्याने मिळविलेले ज्ञान इंग्रजीवाचून खोटे ठरत नाही.

दुसरी, वाचन, श्रवण, संभाषण व लेखन यांचे मूल्यमापन स्वतंत्र व्हावे आणि प्रमाणपत्रावर ते स्वतंत्र नोंदविले जावे. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, बँकेचा अर्ज, यंत्राची माहितीपुस्तिका हे न पाहिलेले मजकूर विद्यार्थ्याला समजतात काय, ते तपासावे. संभाषणाची परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी, म्हणजे माझ्यासारख्याला सतरा गुणांचा आडोसा उरणार नाही.

तिसरी, जेथे निकाल वाईट लागेल तेथे प्रथम शासनाची परीक्षा घ्यावी. इंग्रजीच्या शिक्षकाची जागा भरली होती काय? की तासिका तत्त्वावरच्या शिक्षकावर वर्ष निभावले? महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. बारा वर्षे शिकवूनही मुलाला साधा प्रश्न कळत नसेल, तर नापास कोण?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, मराठीचा रोजगाराशी व उच्च ज्ञानाशी संबंध जोडावा. राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. परंतु वरिष्ठ न्यायालयांत मराठी अजून दाराबाहेरच उभी आहे. १९७९ पासून केंद्रीय नागरी सेवेची परीक्षा भारतीय भाषांतून देता येते. तेथे इंग्रजीची प्रश्नपत्रिका उत्तीर्ण व्हावी लागते, पण तिचे गुण क्रमवारीत धरले जात नाहीत. २०१३ साली ते धरण्याचा घाट घातला गेला, तेव्हा विरोधामुळे तो मागे घ्यावा लागला. लढल्याने हे साधते, याचा हा दाखला आहे.

साथींनो, येत्या जूनमध्ये आपापल्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत जा. इंग्रजीच्या किती जागा रिक्त आहेत, केवळ या एका विषयापायी किती मुले-मुली अडली, याची यादी करा आणि ती घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात बसा. माझा तो विद्यार्थी आता तिशीत असेल. त्याच्या मुलाची परीक्षा तरी खरी व्हावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी थांबतो.