जुन्या लष्करी जीपच्या गिअरबॉक्सची परीक्षा

(बेलूर, धारवाड येथील औद्योगिक वसाहतीत वाहन-तंत्रज्ञांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेलूर म्हटले की परगावच्या माणसाला हासन जिल्ह्यातील होयसळांचे मंदिर आठवते. आपले बेलूर यंत्रांचे आहे. म्हणून एका वृद्ध यंत्राविषयी येथे बोलणे अस्थानी ठरू नये. विषय आहे दुसऱ्या महायुद्धातील जीपचा, म्हणजे विलीस एमबीचा. १९४१ ते १९४५ या काळात विलीस व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील कित्येक आपल्या देशात नागरिकांच्या हाती आल्या, आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलीस जीपची जुळणी सुरू केली. आज ही वाहने संग्राहकांच्या ताब्यात आहेत. त्यांचे मूळ सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. अशा स्थितीत तक्रार ऐकताच गिअरबॉक्स उतरवून उघडणे, ही आपल्या कार्यशाळांतील रीत मला घातक वाटते. पुष्कळ वेळा दोष पेटीच्या बाहेर असतो, आणि विनाकारण उघडलेल्या पेटीतून मूळचे चांगले भाग मात्र खराब होऊन किंवा हरवून जातात.

प्रथम रचना ध्यानात घ्यावी. एमबीला टी-८४ हा तीन गतींचा गिअरबॉक्स आहे. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश आहे. पहिल्याला व रिव्हर्सला नाही. मागे जोडलेली ट्रान्सफर केस स्पायसर-१८ जातीची. तिचे दोन दांडे: एकाने पुढच्या धुरीस शक्ती मिळते, दुसऱ्याने हाय व लो यांची निवड होते. आधुनिक गाडीवर हात बसलेला चालक चालत्या जीपला सरळ पहिल्या गिअरात लोटतो आणि दात करकरले की पेटीला दोष देतो. हा दोष चालकाचा आहे. गाडी थांबवावी, नाहीतर दोनदा क्लच दाबून गिअर घालण्याची जुनी पद्धत त्याला शिकवावी.

गिअर पडतच नसेल तर इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स घालावा. एवढा वेळ देऊनही दात वाजले, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. पेडलची मोकळी चाल सुमारे पाऊण इंच आहे की नाही, केबल ताणली गेली आहे काय, हे आधी पाहावे. हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि कित्येक तक्रारी येथेच मिटतात.

आवाजाची परीक्षा कानाने होते. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, पाय पेडलवरून काढलेला. या वेळी येणारा आवाज पेडल दाबताच थांबला, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग किंवा खालचा काउंटरशाफ्ट यांवर संशय घ्यावा. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश पाहावा. मग गाडी चालवावी. पहिल्या-दुसऱ्या गिअरात घरघर आणि तिसऱ्यात शांतता असेल, तर काउंटरशाफ्टकडे वळावे. तिसरा गिअर थेट असल्याने त्यात त्या शाफ्टवर भार येत नाही. सर्वच गिअरांत, आणि गतीबरोबर वाढणारा आवाज असेल, तर गिअरबॉक्सला हात न लावता ट्रान्सफर केसच्या मधल्या गिअरकडे पाहावे. त्याच्यातून प्रत्येक गतीची शक्ती जाते.

दुसरा गिअर सुटणे हे या जातीचे प्रसिद्ध दुखणे आहे, आणि ते केवळ त्रासदायक नव्हे. हुबळीहून येल्लापूरमार्गे अंकोल्याकडे जाताना अरबैल घाटाच्या उतारावर दुसरा गिअर सुटला, तर इंजिनाची रोख नाहीशी होते आणि सारा भार ब्रेकवर पडतो. म्हणून ही गाडी दुरुस्तीविना घाटात सोडू नये. मात्र येथेही आधी बाहेर पाहावे: क्लच-हाउसिंगचे बोल्ट सैल आहेत काय, इंजिनाचे व गिअरबॉक्सचे रबरी आधार खचले आहेत काय. ते पक्के असतील, तरच आतील शिफ्टची गोळी व स्प्रिंग, दातांची झिजलेली धार आणि थ्रस्ट वॉशर यांचा विचार करावा.

तेलाचा पुरावा फार बोलका असतो. गिअरबॉक्सला सुमारे ०.७ लिटर व ट्रान्सफर केसला सुमारे १.४ लिटर तेल लागते. दोन्ही पेट्या शेजारी असल्याने मधली सील झिजली की एकीचे तेल दुसरीत जाते. एकीत कमी आणि दुसरीत जास्त आढळले तर गळती जमिनीवर शोधत बसू नये. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावरून गाळावे. पिवळसर चमक दिसली तर सिंक्रोचे पितळी कडे झिजत आहे. पोलादी कपच्या दिसल्या तर मात्र पेटी उघडण्याची वेळ आली. नवे तेल एसएई ९० घ्यावे. पण जीएल-५ प्रतीच्या तेलातील गंधक-फॉस्फरसयुक्त मिश्रणे पितळेला बाधक ठरू शकतात, म्हणून साधे खनिज तेल किंवा जीएल-४ बरे.

शेवटी ट्रान्सफर केसचा दांडा न हलण्याविषयी. डांबरी रस्त्यावर चारही चाकांना शक्ती देऊन गाडी चालवली, किंवा पुढचे-मागचे टायर असमान असले, तर दोन्ही धुऱ्यांमध्ये पीळ साठतो आणि दांडा अडकून बसतो. पेटीत काही मोडलेले नसते. हातोडा उचलण्याऐवजी गाडी थोडी मागे घ्यावी. तरीही पीळ न सुटल्यास एक चाक जॅकवर उचलावे. पण सावधान: या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर चालतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे तो निरुपयोगी होतो. तेव्हा जॅक लावण्यापूर्वी उरलेल्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत, आणि गाडीखाली कोणी नाही याची खात्री स्वतः करावी.