बिनसनदी वकील

पेशवाईंत एका दरबाराचा जो माणूस दुसऱ्या दरबारीं राही, त्यास वकील म्हणत. त्याच्यापाशीं धन्याची सनद असे, आणि तो जें बोले तें धन्याच्या वतीनें बोले. आजचा राजदूत हा त्याच वकिलाचा वारस होय. परंतु शेजारी राज्यांमधील व्यवहार केवळ सनदी वकिलांच्या हातूनच होतो, असें कधींच नव्हतें. व्यापारी, वैद्य, यात्रेकरू, विद्वान हे सनदेवांचून सरहद्द ओलांडीत आले आहेत. आणि पुष्कळदां दरबारांत जें अडलें, त्याला त्यांच्या येण्याजाण्यानें वाट मिळाली आहे. अशा माणसांस बिनसनदी वकील म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

महाराष्ट्राला ही परंपरा अपरिचित नाहीं. १९३८ सालीं जपानी आक्रमणानें होरपळलेल्या चीनकडे काँग्रेसनें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें, तेव्हां हिंदुस्थान स्वतःच परतंत्र होता. त्या पथकांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर हे दोघे महाराष्ट्रीय होते. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरांत चीनमध्येंच वारले. पुढें दोन्ही देशांचे संबंध कितीही बिघडले, तरी त्यांच्या नांवाचा मान तेथें टिकून राहिला. परंतु असें आत्मार्पण हा अपवाद होय. बिनसनदी वकिलीचें रोजचें काम याहून पुष्कळ नीरस असतें. आणि तें समजून घ्यावयाचें तर चीनपर्यंत जावयास नको, नवी मुंबईच्या खाडीपाशीं उभें राहिलें तरी पुरे.

बेलापूरजवळ दिवाळे हें जुनें कोळी गांव आहे. १९७० नंतर भोंवतालीं नवें शहर उभें राहिलें, तरी तेथील धक्क्याला होड्या अजून लागतात. खाडीच्या मुखाकडे गेलें कीं न्हावाशेवा बंदर लागतें. तें १९८९ सालीं सुरू झालें, आणि देशोदेशींचा माल पोलादी पेट्यांतून तेथें उतरतो. त्या प्रचंड जहाजांना समुद्रांतील आपलें स्थान क्षणोक्षणीं ठाऊक असतें. मासेमारी नौकेवरच्या खलाशाची नजर मात्र जाळ्यावर असते. दिवाळ्याच्या होड्या खाडी सोडून फार दूर जात नाहींत, म्हणून त्यांना परराष्ट्राचें भय नाहीं. परंतु याच किनाऱ्यानें उत्तरेकडे गेल्यास पालघर जिल्हा लागतो. डहाणू-तलासरीकडील अनेक तरुण, पावसाळी बंदी उठली म्हणजे, गुजरातेंत वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांतील मोठ्या नौकांवर मजुरीनें जातात. तेथून वायव्येस गेलें कीं पाकिस्तानचें पाणी सुरू होतें. तें नेमकें कोठें सुरू होतें, हाच सारा वाद आहे.

या वादाचें मूळ कच्छ आणि सिंध यांच्यामधील सर क्रीक नांवाच्या सुमारें ९६ किलोमीटर लांबीच्या खाडींत आहे. १९१४ सालीं कच्छचे राव आणि सिंधचा कारभार यांच्यामधील तंट्यावर मुंबई सरकारनें ठराव केला. कारण सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांत होता, व १९३६ पर्यंत तो तसाच राहिला. कराची आणि मुंबई हीं त्या काळीं एकाच सरकारचीं दोन बंदरें होतीं. त्या ठरावाचा व त्याच्या नकाशाचा अर्थ पाकिस्तान एक लावतो, भारत दुसरा लावतो. सरहद्द खाडीच्या पूर्व कांठानें धरावयाची कीं प्रवाहाच्या मध्यानें, हा मतभेद आहे. खाडीच्या मुखावरील बिंदु ठरल्यावांचून पुढील समुद्रांतली रेषा आंखतां येत नाहीं. अशा रीतीनें एका घरांत लिहिलेल्या कागदाचा तंटा आज दोन राष्ट्रांचा झाला आहे, आणि त्याचें प्रायश्चित्त खलाशाला भोगावें लागत आहे.

पकडलेली नौका जप्त होते. भारतीय माणसें कराचीच्या मलीर तुरुंगांत जातात, पाकिस्तानी माणसें गुजरातच्या. न्यायालयानें दिलेली शिक्षा बहुधा थोड्या महिन्यांची असते. परंतु ती संपली म्हणजे सुटका झाली असें नाहीं. कैदी आपला नागरिक आहे, अशी खात्री त्याच्या सरकारनें द्यावी लागते. नांव एका भाषेंत सांगितलेलें, दुसऱ्या लिपींत उतरलेलें. गांव कोणाच्या ऐकिवांत नाहीं. जवळ कागद नाहीं. एवढ्यावरून वर्षें जातात. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कराराचें ७३ वें कलम असें सांगतें कीं, राष्ट्राच्या आर्थिक सागरी क्षेत्रांत नियमबाह्य मासेमारी केल्याबद्दल, संबंधित राष्ट्रांनीं आपसांत तसें ठरविलें नसेल तर, कैदेची शिक्षा देऊं नये. तो करार भारतानें १९९५ सालीं व पाकिस्ताननें १९९७ सालीं मान्य केला. तरी तुरुंग रिकामे झाले नाहींत.

बिनसनदी वकिलांचें काम येथें सुरू होतें. १९९४ सालीं दोन्ही देशांतील कांहीं पत्रकार, प्राध्यापक, न्यायपंडित व कामगार-कार्यकर्ते लाहोरास एकत्र जमले आणि त्यांनीं ‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमॉक्रसी’ ही संस्था काढली. तिचें पहिलें अधिवेशन १९९५ सालीं दिल्लीस भरलें. कराचीकडे मच्छीमारांची ‘पाकिस्तान फिशरफोक फोरम’ ही संघटना पुढें आली, भारतांत ‘नॅशनल फिशवर्कर्स फोरम’ होतीच. या मंडळींनीं परिषदा भरविल्या, व्याख्यानें दिलीं, हें खरें. परंतु त्यांचें मोलाचें काम कारकुनी स्वरूपाचें होतें. तुरुंगांत कोण आहे याच्या याद्या करणें, गांवचा पत्ता शोधणें, घरच्यांना निरोप पोंचविणें, कचेऱ्यांना स्मरणपत्रें धाडणें, हें तें काम. २०१० सालीं तर कराचीच्या संस्थांनीं भारतीय मच्छीमारांच्या सुटकेसाठीं स्वतःच्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. शत्रु मानल्या जाणाऱ्या देशाच्या गरिबांसाठीं आपल्याच सरकारविरुद्ध अर्ज करावयास निराळें धैर्य लागतें. सुटलेल्या खलाशांना कराचीहून लाहोरपर्यंत पोंचविण्याचा खर्चही अनेकदां ईधी यांच्या धर्मादाय संस्थेनें सोसला. तिचे संस्थापक अब्दुल सत्तार ईधी जन्मानें काठेवाडांतील बांटव्याचे होते.

या मेळ्यांत एक ठळक नांव मराठी घराण्यांतील होतें. निर्मला देशपांडे या नागपूरचे साहित्यिक पु. य. देशपांडे यांच्या कन्या, विनोबांच्या भूदानयात्रेंत पायीं हिंडलेल्या. कारगिलचें युद्ध संपून वर्षही उलटलें नव्हतें, तोंच २००० च्या मार्चमध्यें भारतीय स्त्रियांचा एक जथा बसनें लाहोरला गेला. त्याच्या पुढाऱ्यांत त्या होत्या. १ मे २००८ रोजीं त्या वारल्या. पुढील वर्षीं पाकिस्ताननें ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा किताब देऊन त्यांच्या स्मृतीचा गौरव केला.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच आठवड्यांनीं, २१ मे २००८ रोजीं, दोन्ही सरकारांनीं एक करार केला. दरवर्षीं १ जानेवारी व १ जुलै या दिवशीं परस्परांच्या कैद्यांच्या याद्या द्याव्या, अटकेपासून तीन महिन्यांच्या आंत वकिलातीच्या अधिकाऱ्यास कैद्याची भेट मिळावी, आणि शिक्षा संपून नागरिकत्व ठरल्यावर एका महिन्यांत त्याला परत पाठवावें, असें त्यांत ठरलें. हा करार बिनसनदी वकिलांनीं घडविला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. सह्या सरकारांच्या होत्या. परंतु यादी ही माणुसकीची पहिली पायरी आहे, हें ते वर्षानुवर्षें सांगत आले होते.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें ऐकला पाहिजे. याच करारानंतर सहा महिन्यांनीं, नोव्हेंबर २००८ मध्यें, कराचीहून निघालेल्या दहा हल्लेखोरांनीं ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका समुद्रांत पळविली, तीवरील माणसें मारलीं, आणि ते मुंबईंत उतरले. ज्यांच्या मायबाप शहरावर असा घाला पडला, त्यांना सदिच्छेच्या गोष्टी भाबड्या वाटल्यास नवल नाहीं. किनाऱ्याची गस्त कडक असावी, याविषयीं दुमत होऊं शकत नाहीं. परंतु त्या रात्रीचे पहिले बळी खलाशीच होते, हेंही विसरतां येत नाहीं. पहारेकऱ्यानें चोर ओळखावयाचा, तर साव कोण याची नोंद त्याच्यापाशीं हवी. याद्यांचें काम पहाऱ्याच्या आड येत नाहीं.

आणि या कामाचें मोल २०२५ सालीं दिसून आलें. त्या एप्रिलांत पहलगामला निरपराध प्रवाशांची हत्या झाली, मे महिन्यांत दोन्ही देशांमध्यें सशस्त्र संघर्ष झाला, अटारीचें नाकें बंद पडलें, परवाने रद्द झाले. तरीही १ जुलै २०२५ रोजीं याद्या ठरल्याप्रमाणें दिल्या-घेतल्या गेल्या. भारतानें आपल्या ताब्यांतील ३८२ नागरी कैदी व ८१ मच्छीमार यांचीं नांवें दिलीं; पाकिस्ताननें ५३ नागरी कैदी व १९३ मच्छीमार यांचीं दिलीं. बोलणें थांबलें, व्यापार थांबला, यादी मात्र थांबली नाहीं. कारण ती कोणाच्या मर्जीवर राहिली नव्हती, ती नियम झाली होती.

याच्या उलट जें नियमांत उतरलें नाहीं, किंवा उतरून पाळलें गेलें नाहीं, तें सुकून गेलें. कैद्यांची स्थिति पाहण्यासाठीं २००७ सालीं दोन्हीकडील निवृत्त न्यायाधीशांची समिति नेमली होती; ऑक्टोबर २०१३ नंतर तिचें काम थंडावलें. १९८५ सालीं ढाक्यास जन्मलेल्या सार्क संघटनेची शिखर परिषद २०१४ च्या काठमांडूनंतर २०२५ अखेरपर्यंत भरली नाहीं. एका महिन्यांत परत पाठविण्याचें कलम कागदावर आहे. यादींतील आंकडे त्याची साक्ष देत नाहींत. मात्र भारत व बांगला देश यांच्यामधील सागरी सीमा २०१४ सालीं आंतरराष्ट्रीय लवादानें ठरविली आणि दोघांनीं ती मानली. म्हणजे शेजाऱ्यांमध्यें हें अशक्य असतें असेंही नाहीं.

बिनसनदी वकिलाला तह करतां येत नाहीं, युद्धही थोपवितां येत नाहीं. त्याची कसोटी एवढीच कीं, त्याच्या स्नेहांतून असा एखादा नियम निघाला काय, जो स्नेह आटल्यावरही चालू राहील. मेजवान्या आणि मुशायरे विसरले जातात. पत्ता शुद्ध लिहिलेलें नांव घरीं पोंचतें. सायंकाळीं दिवाळ्याच्या धक्क्यावर होड्या लागतात, तेव्हां घरची माणसें किती गेले व किती आले हें मोजून घेतात. दोन राष्ट्रांनीं समुद्रावर गेलेल्या माणसांची एवढी मोजदाद इमानानें ठेविली, आणि मोजलेला माणूस वेळेवर परत धाडला, तर शेजारधर्माचा आरंभ झाला असें म्हणतां येईल.