दोन मिनिटांची उसंत

(कुंभारी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय 'एटीव्हीच्या इंजिनास टर्बोचार्जर जोडणे' असा छापला आहे, आणि दिवसभर बिड्या वळून गोदूताई वसाहतीतून ज्या भगिनी येथे आल्या आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर 'या गृहस्थाने आमच्या संध्याकाळचे हे काय आरंभिले आहे' हा प्रश्न मला व्यासपीठावरूनही वाचता येतो. (हशा) त्यांस माझे नम्र निवेदन इतकेच की विषय यंत्राचा असला तरी तात्पर्य किल्लीचे आहे, आणि किल्ली आज घरोघरी आहे.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हे या सभेस सांगणे म्हणजे सोलापूरकरास चादरीची ओळख करून देणे होय. तरी थोडक्यात सांगतो. इंधनाच्या शक्तीचा जमाखर्च मांडला तर ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा हिस्सा पाणी, हवा व घर्षण यांच्या नावे पडतो आणि उरलेला सायलेन्सरवाटे बेवारस निघून जातो. या बेवारस धुराला वाटेत अडवून त्याच्याकडून एक चक्र फिरवून घ्यावे, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र बसवून बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, हवा वाढली की त्या बेताने इंधन वाढवावे. एवढीच ही तजवीज. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 मध्ये तिचे पेटंट घेतले. डोक्यात हवा गेल्याने ज्याचे भले होते असा इंजिनावाचून दुसरा प्राणी माझ्या पाहण्यात नाही. (हशा)

येथे एक गोष्ट सांगतो, लहानच आहे. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस नावाच्या अभियंत्याने बारा सिलिंडरांचे लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन एका ट्रकवर घातले आणि कोलोराडोतील पाइक्स पीक या 14,109 फूट उंचीच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन त्या विरळ हवेत 230 वर आले, आणि टर्बो जोडताच 356 वर गेले. इतक्या थंडीत, इतक्या उंचीवर, तेथील मेस्त्र्यांनी नटबोल्ट कोणत्या हातांनी आवळले असतील, याचा विचार मी पुष्कळदा करतो; आमच्या वर्कशॉपात मे महिन्यात पाना हातात धरवत नाही, तेथे जानव्याइतका बारीक पाईप गोठला तर... असो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले आहे. (हशा)

पाइक्स पीक कशाला, आपले सोलापूरच घ्या. समुद्रसपाटीहून साडेचारशे मीटरांहून अधिक उंची आणि वैशाखातला बेचाळीस अंशांचा पारा. समुद्रकाठच्या पंधरा अंशांच्या हवेशी तुलना केली तर येथील इंजिनास दर श्वासामागे आठव्या हिश्शाच्या आसपास हवा कमीच मिळते. तेव्हा टर्बोची हौस येथील तरुणांस लागली, यात त्यांचा काही गुन्हा नाही.

'बाहा' ही एटीव्हीची, म्हणजे खाचखळग्यांतून धावणाऱ्या गाड्यांची, स्पर्धा 2007 पासून आपल्या देशात होते; विद्यार्थी सांगाडा स्वतः बांधतात, परंतु दहा अश्वशक्तीचे इंजिन सर्वांस अनेक वर्षे एकाच जातीचे मिळत आले आणि त्यास हात लावण्याची सक्त मनाई असे. स्पर्धा आटोपल्यावर अशाच एका चमूतील चार मुले जुन्या सांगाड्यात मोटारसायकलचे एका सिलिंडरचे इंजिन घालून, आणि भंगारातून आणलेला एका डिझेल मोटारीचा टर्बो काखोटीस मारून, माझ्याकडे आली. मी त्यांस म्हणालो, "बाळांनो, हा बैल मोठा आणि तुमची मोट लहान." एका सिलिंडरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडते, म्हणजे मिनिटास सहा हजार फेऱ्या असतील तर सेकंदास पन्नास झोत, आणि हवाही ते चार टप्प्यांपैकी एकातच घेते, उरलेल्या तिहींत टर्बोने दाबलेल्या हवेस दार बंद! यावर उतारा मुलांनीच काढला. टर्बो व इंजिन यांच्या मधोमध त्यांनी पत्र्याची एक पेटी बसविली, जेथे हवा साठून राहावी. हीच युक्ती अमेरिकेतील एमआयटीत मायकेल बुकमन व एमोस विंटर यांनी एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर पडताळून पाहिली आणि शक्तीत सुमारे 29 टक्क्यांचा इजाफा नोंदविला. त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्याकडील लहान शेतकऱ्याचे ट्रॅक्टर व पंप होते, हे येथे मुद्दाम सांगतो.

आता, चाळीस अंशांची हवा दीडपट दाबली की ती नव्वद अंशांच्या पलीकडे तापते, म्हणून इंटरकूलर हवा. कॉम्प्रेशन उतरविले नाही तर नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, होऊन पिस्टनास भोक पडते. दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट हवे. मुलांनी हे सर्व केले. गाडी अशी पळाली की गल्लीतील कोंबड्या दोन दिवस अंडी द्यावयास विसरल्या. (हशा) परंतु तिसऱ्या आठवड्यात टर्बोतून किंकाळी ऐकू येऊ लागली. उघडून पाहतो तो बेअरिंगपाशी ऑईल जळून त्याचा काळा, खरखरीत कोळसा झालेला. बोट फिरविले तर तव्याच्या बुडासारखे लागले. कसूर कोणाची? टर्बोची नव्हे, मुलांच्या हिशेबाची नव्हे. गाडी भरधाव आणून ती दारात उभी करावयाची आणि तत्क्षणी किल्ली फिरवावयाची, ही त्यांची सवय. तो शाफ्ट मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि ऑईलच्या पातळ पडद्यावर तरंगतो. किल्ली फिरली की ऑईलचा पंप थांबतो, शाफ्ट मात्र काही क्षण फिरतच राहतो, आणि लालबुंद झालेल्या टर्बाइनची, म्हणजे धुराकडील चक्राची, धग त्या जागच्या जागी थांबलेल्या ऑईलवर उतरते.

हेच माझे म्हणणे आहे, आणि गेली तीस वर्षे ते ऐकून घरची मंडळी कंटाळली आहेत: बळ बसविता येते, विसावा सवयीने लावावा लागतो. आपल्या गावाच्या नावात कुंभार आहे की नाही, याचा निवाडा संशोधकांनी करावा. पण आवा तापलेला असताना कुंभार मडकी बाहेर ओढीत नाही, हे सांगावयास संशोधक नको. कोणी म्हणतील, हल्ली टर्बोत पाणी खेळविलेले असते, ही जुनी भीती आहे. असेल, पाण्याने धोका पुष्कळ उतरतो, हे मला मान्य आहे. परंतु भंगारातल्या टर्बोस हे कोणी सांगावे? कोणी म्हणतील, दोन मिनिटांचे पेट्रोल फुकट जाते. ते नव्या बेअरिंगच्या किमतीशी ताडून पाहावे.

कार्यवाहांकडून आत्ताच चिठ्ठी आली आहे. तीवर लिहिले आहे, 'दोन मिनिटे'. (हशा, टाळ्या) मी आभारी आहे. या गृहस्थांना विषय पुरता समजला आहे. दाब किती ठेवावा, जेट कोणता घालावा, हे सांगावयाचे राहिले. ते ज्यास हवे त्याने उद्या वर्कशॉपात यावे. त्या मुलांनी दुसरा टर्बो बसविला, तो अद्याप चालू आहे, आणि गाडीच्या हँडलवर त्यांनी चिकटपट्टी लावून लिहिले आहे: 'आधी स्लोवर, मग बंद'. आज सभा संपल्यावर ज्यांच्या गाडीस टर्बो आहे त्यांनी घरापर्यंत रेटून न नेता शेवटचा फर्लांग सावकाश न्यावा, दारात इंजिन दोन मिनिटे स्लोवर ठेवावे, आणि मग किल्ली फिरवावी.