निळ्या नक्षीचा जपानी पेला


आज ऐकू या एका छोट्या पेल्याबद्दल.
चिनी मातीचा, पांढरा, बिनकानाचा पेला.
त्यावर निळी नक्षी.
जपानमध्ये याला म्हणतात, सोबा-चोको.

सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या लांब शेवया.
त्या बुडवून खायचा रस्सा या पेल्यात घेतात.
पूर्वी यातून तोंडीलावणंही वाढत.

हे पेले क्यूशू बेटावरच्या अरिता भागात घडले.
१७व्या शतकाच्या सुरुवातीला
कोरियातून आणलेल्या कुंभारांच्या हातून
तिथे चिनी मातीच्या भांड्यांच्या कामाला सुरुवात झाली.
माल इमारी बंदरातून जायचा,
म्हणून भांड्यांना नाव पडलं इमारी.

आता तो निळा रंग.
तो कोबाल्टचा.
कुंचल्याने लावताना काळपट दिसतो.
मग त्यावर झिलई चढते.
भट्टीतून निघाला, की निळा!
म्हणजे रंग झिलईच्या वर नाही,
झिलईच्या खाली आहे.
पुन्हा सांगते, खाली.
म्हणून पिढ्यान् पिढ्या धुऊनही नक्षी टिकते.

जुना पेला हाती आला, तर जरूर उलटा करून बघा.
काहींच्या तळाला झिलई नसलेलं रुंद कडं असतं.
भांडं भट्टीत चिकटू नये,
म्हणून तिथली झिलई काढलेली असते.

मग नक्षी बघा.
हातची रेघ कुठे जाड, कुठे पातळ.
मला तीच फार प्रिय.
१९व्या शतकाच्या उत्तरार्धात
कातरलेल्या कागदी साच्यांवरून नक्षी उमटवू लागले.
परदेशी कोबाल्टही आला,
आणि निळा रंग एकदम भडक झाला.