क्रेडिट कार्डावरील आंकडे आणि त्यांचा ताळा

तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना अंकगणित शिकविलें. तरीही गेल्या वर्षीं केवळ बारा अंक ऐकून मी फसलों. ती हकीगत शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं आपल्या खिशांतील क्रेडिट कार्डावर जे अंक छापलेले असतात, त्यांचा अर्थ काय तें आपण पाहूं.

हे अंक म्हणजे एक पत्ता आहे. पत्रावरचा पत्ता टपालवाला उलट वाचतो. आधीं गांव, मग पेठ, मग घर. कार्डाचा क्रमांक डावीकडून तसाच वाचावा. पहिला अंक कार्डाचें घराणें सांगतो. व्हिसाचा क्रमांक ४ नें सुरू होतो. मास्टरकार्डाचा ५ नें किंवा २ नें सुरू होतो. अमेरिकन एक्स्प्रेसचा आरंभ ३४ किंवा ३७ असा असून त्याचे अंक सोळा नसून पंधरा असतात. आपल्या देशांतील रुपे कार्डाच्या आरंभीं बहुधा ६ किंवा ८ असतो.

या पहिल्या अंकासह सुरुवातीचे अंक मिळून कार्ड देणारी बँक ओळखली जाते. पूर्वीं ही ओळख सहा अंकांची असे; २०१७ सालीं आंतरराष्ट्रीय मानकांत सुधारणा होऊन ती आठ अंकांची झाली. म्हणजे हे अंक आपल्या एकट्याचे नव्हेत. त्याच बँकेच्या हजारों ग्राहकांच्या कार्डांवर तेच असतात. त्यापुढचे अंक मात्र आपल्या खात्याचे. उरला शेवटचा अंक. तो ना बँकेचा, ना खात्याचा, तो ताळ्याचा.

आमच्या लहानपणीं गुणाकार झाला कीं गुरुजी विचारीत, "ताळा पाहिलास का?" नऊ काढून टाकल्यावर उरणारे अंक जुळले, तर उत्तर बहुधा बरोबर. परंतु या ताळ्यांत एक उणीव होती. ४५ च्या जागीं ५४ लिहिलें तरी तो जुळे. आणि क्रमांक उतरून घेतांना माणसाच्या हातून हीच चूक वारंवार होते. आय. बी. एम. कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं यावर एक युक्ति योजिली. तिच्या यंत्रासाठीं त्यांनीं १९५४ सालीं पेटंटचा अर्ज केला व १९६० सालीं तें मिळालें.

युक्ति अशी. समजा, क्रमांक २७४५ आहे. उजवीकडून एकाआड एक अंकाची दुप्पट करावी. ५ चे १०, त्यांतील अंकांची बेरीज १. ४ तसाच ठेवावा. ७ चे १४, त्यांची बेरीज ५. २ तसाच. एकूण १ + ४ + ५ + २ = १२. पुढचा दशक २० गांठण्यास ८ हवेत. म्हणून शेवटीं ८ लिहावा. पुरा क्रमांक झाला २७४५८. आतां कोणी घाईंत २७५४८ लिहिलें, तर बेरीज २८ होते, दशक जुळत नाहीं आणि यंत्र तत्काळ नकार देतें. एखादा अंक चुकला तर तें हमखास कळतें. शेजारच्या अंकांची अदलाबदलही कळते. अपवाद फक्त ० आणि ९ या जोडीचा.

कार्डाच्या पाठीमागील तीन अंकांची गोष्ट निराळी. ते बँक आपल्या गुप्त किल्लीनें काढते. पुढचे सोळा अंक पाठ असले तरी त्यांवरून ते काढतां येत नाहींत.

आतां माझी हकीगत. एका दुपारीं दूरध्वनि आला. "आपल्या बँकेंतून बोलतों," असें म्हणून एका अदबशीर गृहस्थानें माझ्या कार्डाचे पहिले आठ व शेवटचे चार अंक घडाघडा म्हटले. मीं कार्ड हातीं घेऊन ताडून पाहिलें, बाराही जुळले. मग मधले चार, मुदतीची तारीख, पाठीमागचे तीन आणि मोबाइलवर आलेला एकवारचा संकेतांक, सारें मीं आपण होऊन सांगितलें. पांच मिनिटांत अठरा हजार रुपये गेले. घरांतून मंडळींनीं एवढेंच विचारलें, "सगळे अंक ठाऊक होते, तर मधले चार त्यानें आपल्याला कां विचारले?"

छत्तीस विद्यार्थ्यांच्या वर्गांत एखाद्या चुणचुणीत मुलीनें विचारावा असा तो प्रश्न होता, आणि मास्तरांपाशीं उत्तर नव्हतें. पहिले आठ अंक बँकेच्या हजारों ग्राहकांचे. शेवटचे चार दुकानाच्या पावतीवर छापलेले. हे बारा जुळल्यानें बोलणारा बँकेचा ठरत नाहीं.

श्रोते हो, ताळा चूक पकडतो, चोर पकडीत नाहीं. कोणी कितीही अंक बिनचूक म्हणून दाखवो, पाठीमागचे अंक व संकेतांक त्यास सांगूं नयेत. दूरध्वनि ठेवावा आणि कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः बँकेस विचारावें. पैसे गेलेच, तर संकोच न करितां बँकेस कळवून १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. मीं लाजेपायीं दोन दिवस दवडले. आपण दोन मिनिटेंही दवडूं नयेत, एवढ्यासाठींच आज ही कबुली दिली.